बेडेकर मिसळ, नारायण पेठ : एका टेबलावर आजी, मी आणि निळूभाऊ

परवा सुट्टीच्या दिवशी लेकीला घेऊन बेडेकरांकडे मिसळ खायला गेलो होतो, येतानाच ठरवलं की यावेळी नीट लिहून काढायचं, कारण या हॉटेलबद्दल मी 1996 पासून भेटेल त्याला तोंडी सांगत आलोय पण लिहिलं कधीच नाही. रिव्ह्यू थोडा लांबणार आहे, मिसळीबरोबर एका माणसाबद्दल पण सांगायचंय. दोन्ही वेगळं करून सांगताच येत नाही मला.

आधी जागेचं सांगतो. नारायण पेठेत मुंजाबाचा बोळ आहे, त्या बोळात हे छोटंसं हॉटेल, 1948 पासूनचं. नाव बेडेकर टी स्टॉल, पण चहासाठी शोधत कोणी येत नाही, येतात ते मिसळीला. गाडी बोळात आणायच्या भानगडीत पडू नका, लक्ष्मी रोडच्या आसपास कुठेतरी लावा आणि चालत या. सुट्टीच्या दिवशी बाहेर माणसं उभी असतात, घाबरू नका, आत खाणारे पटापट खातात आणि उठतात, गप्पा मारत रेंगाळणारं हे हॉटेलच नाही. दिवसभर सलग उघडं असेल असं धरून जाऊ नका, वेळ बघून निघा.

मिसळ कशी आहे? कोल्हापूरची लालभडक, नाकाडोळ्यातून पाणी काढणारी तर्री डोक्यात ठेवून आलात तर पहिल्या घासाला जरा थांबाल. ही पुणेरी घरगुती चव आहे. खाली पोहे, बटाटा, त्यावर फरसाण, शेव, कांदा कोथिंबीर, आणि रस्सा जो आहे ना त्याला आधी गुळाची गोडी लागते, मग आंबट, आणि तिखट सगळ्यात शेवटी हळूच घशाशी येतं. कमी, मध्यम, तिखट असं सांगता येतं. मी मध्यम सांगतो आणि वरून सँपल, म्हणजे जादाचा रस्सा, मागतो. आणि इथे पाव नाही, स्लाइस! पांढऱ्या ब्रेडचे स्लाइस येतात बशीतून. यावरून लोक भांडतात, मिसळीबरोबर स्लाइस कसले म्हणून, पण माझं मत विचाराल तर या पातळ गोडसर रश्शाला स्लाइसच पाहिजे, तो रस्सा पिऊन घेतो आणि तोंडात विरघळतो, पावाचा लगदा होतो. फक्त स्लाइस रश्शात फार वेळ ठेवू नका, बुडवला की लगेच उचला.

आता मुद्द्याचं. इथे टेबल तुमचं एकट्याचं नसतं. दोघं गेलात आणि चार जणांच्या टेबलावर दोन जागा रिकाम्या असल्या की तिथे बसायचं, समोर कोण आहे ते बघायचं नाही. नवीन आलेली माणसं जरा अवघडतात, मला समजतं ते, पण याच पद्धतीमुळे माझ्या आजीच्या आणि माझ्या आयुष्यात ती सात आठ मिनिटं आली, त्यामुळे मला हे शेअर टेबल म्हणजे या हॉटेलची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, मिसळीपेक्षाही मोठी.

1996 चा हिवाळा. मी तेरा वर्षांचा. आमचं गाव माण तालुक्यात, सातारा जिल्हा, दुष्काळी भाग. आजीच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात झालं, काका तेव्हा सदाशिव पेठेत खोली घेऊन राहायचे, आणि मला शाळेला दांडी मारून आजीच्या सोबतीला पाठवलं होतं, म्हणजे हात धरून इकडून तिकडे न्यायला. दुसऱ्या दिवशी सकाळी सोडलं. उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी, आणि डाव्यातही मोतीबिंदू पिकलेलाच, त्याचं पुढच्या वर्षी करायचं होतं, त्यामुळे आजीला तेव्हा फक्त उजेड आणि हलणाऱ्या सावल्या दिसत होत्या. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, पायात वहाणा, हातात औषधांची पिशवी.

काका म्हणाले आईला काहीतरी खायला घालू. आधी एका मोठ्या हॉटेलात गेलो. तिथल्या गल्ल्यावरच्या माणसाने आजीच्या पट्टीकडे बघितलं, लुगड्याकडे बघितलं आणि फॅमिली रूम भरलीय म्हणून सांगितलं. रिकामी टेबलं मला दिसत होती. काका काही बोलले नाहीत, बाहेर आल्यावर त्यांचा चेहरा उतरला होता तो मला अजून आठवतोय. मग ते आम्हाला बेडेकरांकडे घेऊन आले. इथे कोणी काही विचारलं नाही. दोन जागा दाखवल्या, आजीला धरून बसवलं, आणि काका डोळ्यात घालायचे थेंब आणायला मेडिकलमध्ये गेले, म्हणाले तुम्ही सुरू करा.

समोर एक जण मिसळ खात होते. मान खाली, साधा शर्ट. मी काही बघितलं नाही, माझं सगळं लक्ष आजीच्या पुढ्यातल्या प्लेटकडे, ती हाताने चाचपत होती म्हणून. मिसळ आली, स्लाइस आले, आणि तेवढ्यात समोरच्यांनी पोऱ्याला सँपल मागितलं. बास, एवढंच. एक साधं मागणं, हॉटेलात कोणीही मागतं तसं.

आजीने माझं मनगट असं आवळलं की नखं रुतली.

"ऊठ बाबू. हितनं ऊठ. त्यो हाय."

मला कळेना कोण. मी वर बघितलं आणि माझं पण पाणी पाणी झालं. निळू फुले! दीड हातावर!

ज्यांनी हे सगळं बघितलेलं नाही त्यांना आजीची भीती समजणार नाही म्हणून सांगतो. आमच्याकडे सिनेमा म्हणजे जत्रेत तंबूत. आजीने आयुष्यात जे पाच सात पिक्चर बघितले असतील त्यातल्या बऱ्याच पिक्चरमध्ये हा माणूस होता आणि प्रत्येक वेळी कोणाचं तरी वाटोळं करत होता. कधी पाटील, कधी सरपंच, कधी सावकार. गावात तसली खरी माणसं होती, आजीने ती जवळून बघितली होती, तिच्या माहेरची जमीन अशाच एकाच्या घशात गेली होती, त्यामुळे पडद्यावरचा तो आवाज, ते दबकं, घोगरट, शब्द चावत चावत बोलणं, ते तिला खोटं वाटायचंच नाही. बायका तंबूत बोटं मोडायच्या. आजीपण मोडायची. टीव्हीवर पिक्चर लागला आणि तो आवाज आला की चुलीपुढून ओरडायची, "आला का मुडदा!" आणि आता दिसत तर काही नाही, आणि तो आवाज दीड हातावर.

त्यांनी ऐकलं. ऐकू न यायला आजी काही हळू बोलली नव्हती. मी घाबरून त्यांच्याकडे बघतोय, आता हे चिडणार. त्यांनी खाणं थांबवलं, आजीच्या पट्टीकडे बघितलं, आणि मला विचारलं ऑपरेशन कधी झालं. मी सांगितलं काल. मग ते आजीशी बोलायला लागले, गाव कुठलं, पाऊस झाला का. आजी गप्प. पदर पार नाकापर्यंत ओढलेला. परत विचारलं, बाजरी झाली का यंदा. आता शेतकऱ्याच्या बाईला बाजरीचं विचारल्यावर ती किती वेळ गप्प बसणार! आधी एका शब्दात, मग दोन शब्दात, मग आमच्या म्हशीपर्यंत विषय गेला, चारा नाही, विहिरीला पाणी नाही, म्हसवडच्या जत्रेला यंदा जनावरं कशी कमी आली. ते ऐकत होते. मधे बोलले नाहीत फारसे.

आजी मिसळ खात नव्हती. खरं कारण स्लाइस होते, आमच्याकडे तेव्हा ब्रेड म्हणजे आजाऱ्याचं खाणं, सलाइन लावलेल्याला दुधात बुडवून द्यायचं, चांगल्या माणसाने कशाला खायचं. मी सांगायच्या आधी त्यांच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी स्वतःच्या बशीतला एक स्लाइस घेतला, त्याचे बोटांनी बारीक तुकडे केले आणि आजीच्या रश्शात टाकले, आपण भाकरी कुस्करतो ना आमटीत, अगदी तसे, आणि भाकरीसारखं खा असं म्हणाले. ती बोटं मला आत्ता डोळ्यासमोर दिसतायत. सावकाश, कडा वेगळ्या काढून, मधला मऊ भाग वेगळा. आणि चमचा उचलून आजीच्या हातात दिला, कारण तो तिला सापडत नव्हता.

आजीने खाल्लं. सगळं खाल्लं. गोड लागतंय म्हणाली.

मग ते उठले, आजीला हात जोडले, ते तिला दिसलं नाही म्हणून मी सांगितलं, "आजी, नमस्कार करतायत," तेव्हा तिने पण अंदाजाने त्या दिशेला हात जोडले, थोडे चुकीच्या बाजूला. त्यांनी आपल्या प्लेटचे पैसे दिले आणि गेले. आमचे पैसे वगैरे दिले नाहीत आणि ते मला फार आवडलं, आम्ही बिचारे नव्हतो, आम्ही त्यांच्या टेबलावरची माणसं होतो. हॉटेलात पण कोणी उठलं नाही, सही मागितली नाही, शेजारचे आपापला रस्सा ओरपत होते. दोन मिनिटांनी काका थेंब घेऊन आले.

काकांना सांगितलं तर विश्वास नाही. गावात सांगितलं तर अजिबातच नाही. बायका म्हणायच्या, अवो डोळ्याला पट्टी तुमच्या, कोन बी बसलं आसंल. आजी म्हणायची, "आवाज कुटं झाकला हुता!" मग साक्षीला मला बोलवायची. रात्री अंथरुणावर मला विचारायची, खरा कसा दिसतो रं? म्हातारा झालाय का? केस हायत का? मी सांगायचो, परत काही दिवसांनी तेच विचारायची. आणि त्यानंतर आमच्या घरात टीव्हीवर त्यांचा पिक्चर लागला की कोणाला शिवी द्यायची सोय राहिली नाही. "त्यो तसा न्हाई. त्याला तसं कराया लावत्यात."

मी मोठा झालो, पुण्यात शिकायला आलो, तेव्हा त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो, आणि प्रत्येक गोष्ट वाचताना तो कुस्करलेला स्लाइस मधे यायचा. पुण्यातच लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे. माळी! आजीशी पावसापाण्याचं इतकं सहज कसं बोलता आलं ते मला तिथे समजलं. पगार 80 रुपये आणि त्यातले 10 रुपये राष्ट्र सेवा दलाला द्यायचे. सेवा दलाच्या कलापथकातून पुढे आले, 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने नाव झालं, आणि 1968 साली पहिल्या पिक्चरमध्ये झेले अण्णाची भूमिका केली, तिथून तो गावचा बेरकी माणूस त्यांना जो चिकटला तो कायमचा. 1972 ला रंगभूमीवर सखाराम बाइंडर. 1975 ला 'सामना' पिक्चरमधला साखरसम्राट हिंदूराव, समोर डॉ. श्रीराम लागू. तो मी कॉलेजात पहिल्यांदा पूर्ण बघितला आणि हिंदूराव घाबरायला लागतो तिथे मला आजीची भीती आठवली, या माणसाला भीती दोन्ही बाजूंनी माहीत होती असं वाटलं. आणि 'सिंहासन'मधला पत्रकार दिगू टिपणीस बघितला नसेल तर आज रात्रीच बघा, तिथे ते कोणाचं वाटोळं करत नाहीत, सगळ्यांचं झालेलं वाटोळं नुसतं बघत राहतात.

आणि पडद्याबाहेर? डॉ. लागू आणि बाकीच्या मोठमोठ्या कलाकारांबरोबर 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले ते सामाजिक कृतज्ञता निधीसाठी, म्हणजे समाजासाठी पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दर महिन्याला थोडं मानधन मिळावं म्हणून. डॉ. दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उभे राहिले. पडद्यावर गरिबाचं खाणारा माणूस बाहेर गरिबासाठी गावोगाव नाटक करत फिरत होता, आणि आमच्या आजीसारख्या हजारो बायका त्याच्या नावाने बोटं मोडत होत्या, आणि ते त्याने कधी मनाला लावून घेतलं नाही. मला तर वाटतं ती बोटं मोडणं हीच त्यांची खरी पावती होती.

म्हणून मला आता वाईट वाटतं. माझी लेक बारा वर्षांची आहे, तिला निळू फुले म्हणजे फक्त "बाई, वाड्यावर या" माहितीय, मोबाईलवरचे मीम, कोणी पण घोगरा आवाज काढतो आणि सगळे हसतात. हसू देत, मिमिक्री आवडत्या माणसाचीच होते, पण एवढ्या मोठ्या नटाची आणि एवढ्या सभ्य माणसाची एवढीच एक ओळ उरावी हे मला सहन होत नाही. परवा तिला बेडेकरांकडे नेलं ते त्यासाठीच. टेबलावर बसून सगळं सांगितलं, स्लाइस कुस्करून दाखवला. ती खात खात ऐकत होती आणि समोर एक आजोबा बसले होते, अनोळखी, ते पण ऐकत होते, त्यांचं खाऊन झालं होतं तरी उठले नाहीत. मग म्हणाले, मी निळूभाऊंचा बाइंडर बघितलाय, आणि पुढची पाच मिनिटं तेच बोलत होते, लेक तोंड उघडं टाकून बघत होती. घरी आल्यावर तिने स्वतःहून 'सामना' लावायला सांगितला.

सर्व्हिसचं एक राहिलं सांगायचं. मिसळ झटपट येते, सँपल मागितलं की येतं, वाढणारी माणसं कामापुरतं बोलतात पण म्हाताऱ्या माणसाला हात देऊन बसवतात, हे मी परवाही बघितलं आणि 1996 लाही बघितलं होतं. मिसळीनंतर चहा घ्याच, नाव टी स्टॉल आहे त्याचा मान ठेवा. लहान मुलांना कमी तिखट सांगा, आवडीने खातात. मोठा ग्रुप करून जाऊ नका, दोघं तिघं जा म्हणजे लगेच जागा मिळते आणि समोर कोणीतरी येऊन बसतं. माझ्याकडून पाचपैकी पाच, चवीला आणि जागेला मिळून.

निळूभाऊ 13 जुलै 2009 ला गेले. मी हिंजवडीला ऑफिसात होतो, बातमी कळली तशी आधी गावाला फोन केला. आईने उचलला, म्हणाली टीव्हीवर सकाळपासून त्यांचेच पिक्चर आणि तेच तुकडे दाखवतायत आणि आजी हलायला तयार नाही. तोपर्यंत आजीचे दोन्ही डोळे चांगले झाले होते, सुईत दोरा ओवायची. मी म्हटलं बघतेय ना मग. आई म्हणाली, बघत कुठं, मोठा आवाज करून ठेवायला लावलाय आणि डोळे मिटून ऐकत बसलीय.